कोअरला हात सगळ्यात शेवटी: गोव्याच्या दमट हवेत जुना व्हॉल्व्ह रिसीव्हर दुरुस्त आणि अलाइन करताना

जुना व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) रेडिओ रिसीव्हर टेबलावर आला की नवख्याचा हात आधी आयएफटीच्या (आयएफ, म्हणजे सेटच्या आतल्या ठरावीक मधल्या फ्रीक्वेन्सीला जुळवलेला ट्रान्सफॉर्मर) डब्यावरच्या भोकाकडे जातो. आवाज बारीक येतो, स्टेशनं डायलवरच्या जागी लागत नाहीत, म्हणजे अलाइनमेंट (ट्यूनिंगच्या सगळ्या कॉइल एकमेकींशी जुळवणं) गेलं असं ठरवून तो स्क्रूड्रायव्हर घालतो आणि कोअर, म्हणजे कॉइलच्या आतली फेराइटची कांडी, फिरवतो. पण कोअर आपणहून फिरत नसतो. कारखान्यात मेण लावून बंद केलेली ती कांडी साठ वर्षांत जागची हललेली नसते. बदललेले असतात तिच्या भोवतालचे कंडेन्सर, रेझिस्टन्स आणि कॉइलचं इन्सुलेशन, आणि गोव्यात हे सगळं बदलणारी गोष्ट एकच, दमट खारी हवा. म्हणून क्रम ठरलेला आहे: सुकवणं, सुरक्षित करणं, गळके भाग बदलणं, व्होल्टेज जुळवणं, आणि हे सगळं झाल्यावर अलाइनमेंट.

जमलं तर अलाइनमेंट दिवाळीनंतर करा. पावसाळ्यात कॉइलच्या तारेवरचं रेशीम आणि पॅक्सोलिनचे (कागद आणि राळेचं इन्सुलेशन) फॉर्मर, म्हणजे कॉइल गुंडाळायच्या नळ्या, ओल धरतात. त्यामुळे कॉइलची स्वतःची कपॅसिटी थोडी वाढते, फ्रीक्वेन्सी खाली सरकते आणि क्यू, म्हणजे कॉइलच्या ट्यूनिंगची धार, पडतो. जुलैत जुळवलेला सेट जानेवारीत सुकला की पुन्हा वर सरकलेला सापडतो. मेकॅनिक चुकला, असं मग मालकाला वाटतं.

प्लग लावायच्या आधी

चवथीच्या साफसफाईत माळ्यावरून खाली आलेला सेट 'चालतो का बघूया' म्हणून थेट लावू नका. या एका उत्साहापायी जितके ट्रान्सफॉर्मर जळतात तितके दुसऱ्या कशाने जळत नसतील.

मागचं झाकण काढून आधी फोटो घ्या: वरून, खालून, आणि डायलच्या दोरीचा मार्ग तर तीन बाजूंनी. धूळ मऊ ब्रशने काढा. व्हॉल्व्हच्या काचेवरचं नाव ओल्या फडक्याने पुसलं की अक्षरं जातात, तेव्हा तिथे कोरडा ब्रश पुरे. डायलच्या काचेच्या मागच्या बाजूला तर हातच लावू नका, तिथली छपाई नुसत्या पाण्यानेही सुटून येते.

सुकवण्यासाठी कोकणातल्या उन्हात सेट ठेवू नका. मेण वितळतं, लाकडाचं विनीर उचलतं. चासी, म्हणजे सेटचा धातूचा सांगाडा, पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात ठेवा, आत जुन्या पद्धतीचा ४० वॉटचा तारेचा बल्ब कशालाही न टेकेल असा लावा, खोक्याला वर दोन भोकं पाडा आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. आतलं तापमान ४५ अंशांच्या आसपास राहिलं पाहिजे, त्याच्या फार वर जाऊ देऊ नका. रात्री बल्ब लावून घर सोडून जाऊ नका, हे वेगळं सांगायला नको.

तोवर मल्टिमीटर घेऊन, सेट बंद असतानाच, प्रत्येक कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी साधारण दोनशे ते सहाशे ओहम, आयएफटीची प्रत्येक बाजू काही ओहम ते काही दहा ओहम. यातलं एखादं वाइंडिंग ओपन मिळालं तर आयएफटीचा डबा उघडा. तारेवर मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसेल. किनाऱ्यावरच्या सेटांचं हे ठरलेलं दुखणं आहे. व्हॉल्व्हच्या प्लेटला (पॉझिटिव्ह टोकाला) जोडलेल्या वाइंडिंगवर २०० व्होल्टच्या वर पॉझिटिव्ह व्होल्टेज असतं, शेजारी चासी शून्यावर असते, मध्ये ओल आणि मीठ. मग विद्युत विलेपनाच्या टाकीत व्हावं तसं तांबं पॉझिटिव्ह तारेतून सुटत जातं आणि शेवटी केसाएवढी तार तुटते. तूट वाइंडिंगच्या टोकाशी, लगच्या (सोल्डर करायच्या पट्टीच्या) जवळ असेल तर भिंगाखाली तार सोडवून, इनॅमल हलकेच खरवडून सोल्डर करता येते. एक-दोन फेरे कमी झाले तरी कोअर ते भरून काढतो. तूट आत खोल असेल तर त्याच फ्रीक्वेन्सीची दुसरी आयएफटी शोधा.

बॅण्ड स्विचला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रश लागतो. गंज सोडवणारा तेलकट स्प्रे मारू नका, पॅक्सोलिनच्या चकत्या तो शोषून घेतात आणि मग महिनोन्‌महिने गळती देतात. गँग कंडेन्सरच्या (ट्यूनिंगचा फिरता कंडेन्सर) रोटरला चासीशी जोडणाऱ्या पितळी पट्ट्याही याच वेळी साफ करा. ट्यून करताना होणारी खरखर आणि फ्रीक्वेन्सीच्या उड्या बहुतेक वेळा तिथूनच येतात.

डायलची दोरी तुटली असेल तर मासेमारीचा तंगूस वापरू नका. तो ताणतो आणि स्पिंडलवर घसरतो. विणलेली बारीक दोरी घ्या, घसरली तर थोडी राळ चोळा.

चासीला करंट आहे का

ट्रान्सफॉर्मर नसलेले एसी-डीसी सेट ओळखा. व्हॉल्व्हची नावं 'यू'ने सुरू होतात, जसं यूसीएच८१, यूएल८४. अमेरिकी सेटांत फिलॅमेंट एका माळेत असतात. हॅलिक्राफ्टर्स एस-३८ हा हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्या मंडळींच्या ओळखीचा सेट याच जातीचा आहे, शिवाय तो ११७ व्होल्टवर चालतो. अशा सेटची चासी थेट मेन्सला जोडलेली असते. टेबलावर तो फक्त आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर लावा, १०० व्हीए पुरतो. अमेरिकी सेटला २३० ते ११५ व्होल्टचा, पण प्रायमरी आणि सेकंडरी वेगळ्या असलेला ट्रान्सफॉर्मर हवा. बाजारात मिळणारा ऑटोट्रान्सफॉर्मर आयसोलेशन देत नाही.

ट्रान्सफॉर्मरच्या सेटला तीन तारांची नवी वायर घाला, अर्थ चासीला पक्की, फ्यूज ५०० मिलिअँपिअर ते १ अँपिअर. व्होल्टेज सिलेक्टर २२० वर असेल तर २४० किंवा २४५ च्या टॅपवर न्या. आज घरात २३०-२४० व्होल्ट येतात आणि २२० च्या टॅपवर ६.३ व्होल्टची फिलॅमेंट्स ६.९ पर्यंत तापतात.

मेन्सपासून चासीला जोडलेला कंडेन्सर बऱ्याच सेटांत असतो. तो काढाच, आणि त्या जागी वाय२ वर्गाचाच बसवा. दोन मेन्स तारांमध्ये असेल तर एक्स२.

गळके कंडेन्सर

मेणाचे किंवा डांबर भरलेले कागदी कंडेन्सर सगळे बदला. त्यात निवड करत बसू नका. ०.०१, ०.०२२, ०.०४७, ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर. पाच-सहा व्हॉल्व्हच्या सेटला दहा ते पंधरा पुरतात. एकेक काढा आणि एकेक लावा, सगळे एकदम कापू नका. सिरॅमिक आणि मायका शक्यतो जागेवर राहू द्या.

यातला एक कंडेन्सर मात्र सगळ्यांत आधी: पहिल्या ऑडिओ व्हॉल्व्हच्या प्लेटपासून आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारा. तो का, ते आकड्यांत पाहा. पलीकडे प्लेटवर १०० व्होल्ट, अलीकडे ग्रिडला ४७० किलोओहमचा रेझिस्टन्स. कंडेन्सरची गळती ४७ मेगाओहम असली तरी दोन मायक्रोअँपिअरच्या वर प्रवाह वाहतो आणि ग्रिडवर सुमारे १ व्होल्ट पॉझिटिव्ह येतो. बहुतेक साधे मल्टिमीटर ४७ मेगाओहमला 'ओपन' दाखवतात. म्हणजे मीटरवर कंडेन्सर ठणठणीत आणि सेटमध्ये ईएल८४ हा आउटपुट व्हॉल्व्ह भाजतोय. पुढे त्याचा वाढलेला प्रवाह आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी जाळतो. तपासायचं ते चालू सेटमध्ये, ग्रिड ते चासी. शून्य किंवा किंचित निगेटिव्ह यायला हवं. नवा कंडेन्सर टाकूनही पॉझिटिव्ह आलं तर व्हॉल्व्हमध्येच वायू शिरलाय, तो बदला.

फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक ८, १६, ३२ मायक्रोफॅरडचे असतात. त्यांच्या जागी १०, २२, ३३ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट. जुना डबा शोभेला वर राहू द्या, पण तारा त्याच्यापासून पूर्ण सोडवा. नव्याला जुन्याच्या समांतर जोडून गळती जात नाही. पहिला कंडेन्सर फार मोठा करू नका, व्हॉल्व्ह रेक्टिफायर सुरुवातीचा धक्का सोसत नाही. १६ च्या जागी २२ चालेल, १०० नको.

इथे एक सापळा आहे. काही सेटांत डब्याचं निगेटिव्ह टोक चासीला नसतं. ते आणि ट्रान्सफॉर्मरचं मधलं टोक एका छोट्या रेझिस्टन्सने चासीपासून वेगळं ठेवलेलं असतं, कारण त्या रेझिस्टन्सवरूनच आउटपुट व्हॉल्व्हला निगेटिव्ह बायस (ग्रिडला कायम लागणारं निगेटिव्ह व्होल्टेज) मिळतो. डब्याखाली पुठ्ठ्याचा वॉशर दिसला की सावध व्हा. नव्या कंडेन्सरचं निगेटिव्ह सवयीने चासीला जोडलंत तर एचटीची (व्हॉल्व्हच्या प्लेटला लागणारं उंच डीसी व्होल्टेज) गुणगुण बायसमध्ये शिरते आणि कारण सापडता सापडत नाही.

कार्बनचे रेझिस्टन्स दमट हवेत वाढत जातात, क्वचितच कमी होतात. २० टक्क्यांहून जास्त सरकलेला बदला. स्क्रीन ग्रिडचे (व्हॉल्व्हमधली दुसरी जाळी) २२ ते १०० किलोओहमचे आणि पहिल्या ऑडिओच्या प्लेटचे आधी मोजा.

पहिली वीज

६० वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावा. एलईडी चालणार नाही. रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून ठेवा आणि स्विच दाबा. बल्ब मिणमिणला पाहिजे. लख्ख पेटला तर ट्रान्सफॉर्मरमध्ये शॉर्ट आहे, तिथेच थांबा. ठीक असेल तर रेक्टिफायर बसवा, मीटर एचटीवर ठेवा आणि पुन्हा लावा. बल्ब थोडा उजळून मंदावला की दहा मिनिटं तसंच चालू द्या, मग बल्ब काढून थेट मेन्सवर घ्या.

आता व्होल्टेज. एचटी २५० च्या आसपास, मिक्सर (येणारं स्टेशन आयएफवर आणणारा व्हॉल्व्ह) आणि आयएफच्या स्क्रीनवर ८० ते १००. ईएल८४ च्या कॅथोडवर सुमारे ७ व्होल्ट, ६व्ही६ च्या कॅथोडवर १२ ते १३. कॅथोडचं व्होल्टेज बरंच वर असेल तर व्हॉल्व्हमधून प्रवाह जास्त जातोय, खाली असेल तर व्हॉल्व्ह थकलाय. हे आकडे जुळल्याशिवाय पुढचं काही करू नका. स्क्रीनला ४० व्होल्ट मिळत असताना केलेलं अलाइनमेंट वाया जातं.

हात घालण्यापूर्वी सेट बंद करून १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टन्सने एचटी चासीला उतरवा, पाच सेकंद धरा, मग मीटरने खात्री करा.

आयएफ

सेट अर्धा तास तापू द्या. सिग्नल जनरेटर कुठलाही चालेल. हातातला टायनीएसए हा छोटा स्पेक्ट्रम अनालायझरही एएम मॉड्युलेशनसह सिग्नल देतो. मीटर एजीसीच्या (मोठ्या सिग्नलला गेन आपोआप कमी करणारं सर्किट) लाइनवर डीसी व्होल्टवर लावा, किंवा स्पीकरवर एसीवर.

आयएफ किती, ते आधी सर्किटवरून नक्की करा. सगळ्यांना ४५५ किलोहर्ट्झ लावू नका. जुन्या कम्युनिकेशन रिसीव्हरांपैकी एआर८८डी ची ४५५ आहे, पण आर११५५ ची ५६० आणि बीसी-३४८ ची ९१५. फिलिप्सच्या बऱ्याच युरोपीय सेटांत ४५२ सापडते.

गँग पूर्ण बंद करा. ऑसिलेटरच्या (मिक्सरला सेटचा स्वतःचा सिग्नल देणारा भाग) गँगवर ०.१ मायक्रोफॅरड चासीला टेकवून ऑसिलेटर थांबवा. जनरेटरची गरम तार ०.०१ मायक्रोफॅरडमधून मिक्सरच्या सिग्नल ग्रिडवर. बीएफओ (मोर्स आणि साइडबँड ऐकण्यासाठीचा वेगळा ऑसिलेटर) असेल तर तो बंद. आता शेवटच्या आयएफटीपासून मागे मागे या: शेवटचीची सेकंडरी, तिची प्रायमरी, मग पहिलीची सेकंडरी आणि प्रायमरी. प्रत्येक कोअर सर्वांत जास्त वाचनावर. वाचन वाढलं की जनरेटर कमी करा आणि एजीसी १ व्होल्टच्या खालीच ठेवा. सिग्नल मोठा असला की एजीसी गेन खाली ओढतो, शिखर सपाट दिसतं आणि तुम्ही भलतीकडेच थांबता. पूर्ण फेरी दोनदा.

कोअरला धातूचा स्क्रूड्रायव्हर लावू नका. त्याने इंडक्टन्स बदलतो, काढला की शिखर सरकतं. बांबूची कांडी चपटी तासून घ्या, षटकोनी भोकाला प्लास्टिकची विणकामाची सुई घासून बनवा. कोअर अडकला असेल तर हेअर ड्रायरने मेण मऊ करा आणि अर्धा मिलिमीटर मागे-पुढे खेळवत सोडवा. फेराइट एकदा तडकला की तो आतच पाचर होऊन बसतो. एकाच कोअरला दोन जागी शिखर मिळालं तर सहसा बाहेरचं, म्हणजे दोन कोअर एकमेकांपासून लांब असतानाचं घ्या.

क्रिस्टल फिल्टर असलेल्या रिसीव्हरला वेगळा नियम. तिथे मालक क्रिस्टल. त्यावर ४५५ लिहिलेलं असलं तरी तो ४५४.७ वरही असू शकतो. फिल्टर चालू करून, मॉड्युलेशन बंद ठेवून जनरेटर ०.१ किलोहर्ट्झच्या पायरीने सरकवा. मीटर टोकदार उसळेल ती क्रिस्टलची खरी फ्रीक्वेन्सी. सगळ्या आयएफटी त्याच आकड्यावर जुळवा. कागदावरच्या ४५५ ला चिकटून राहिलात तर फिल्टर चालू करताच आवाज बसेल आणि दोष क्रिस्टलला जाईल.

बीएफओ शेवटी. पिच नॉब मध्यावर, सिग्नल आयएफच्या मध्यावर, आणि बीएफओचा कोअर झिरो बीटवर, म्हणजे शिट्टी उतरत उतरत नाहीशी होते त्या जागी.

डायल जुळवणं

ऑसिलेटर मोकळा करा. जनरेटर आता अँटेनाच्या टोकावर, मीडियम वेव्हला २०० पिकोफॅरडमधून, शॉर्ट वेव्हला ४०० ओहममधून. गँग पूर्ण बंद असताना डायलचा काटा शेवटच्या खुणेवर आहे ना, ते आधी पाहा. नसेल तर काटाच दोरीवर सरकवा.

मीडियम वेव्हवर ६०० किलोहर्ट्झला ऑसिलेटरचा कोअर, किंवा कोअर नसेल तर पॅडर (सिरीजमधला जुळवता कंडेन्सर); १४०० ला ट्रिमर (समांतर असलेला छोटा जुळवता कंडेन्सर). एक हलवलं की दुसरं सरकतं, तेव्हा तीन-चार फेऱ्या. मग त्याच दोन जागी अँटेना आणि आरएफ कॉइलचे कोअर आणि ट्रिमर सर्वांत जास्त आवाजाला. पडताळणीला आकाशवाणी पणजीची १२८७ किलोहर्ट्झची खूण आहे. स्टेशन फार जोरात येतं म्हणून अलाइनमेंट मात्र त्याच्यावर करू नका.

शॉर्ट वेव्हवर सगळ्यांची चूक इथे होते: वरच्या टोकाला ट्रिमर फिरवताना सिग्नल दोन जागी मिळतो. एक खरा, दुसरा इमेज, म्हणजे आयएफच्या दुप्पट अंतरावर उमटणारी खोटी जागा. ऑसिलेटर सिग्नलच्या वर चालत असेल, आणि बहुतेक सेटांत तो तसाच असतो, तर कमी कपॅसिटीची, म्हणजे ट्रिमर जास्त उघडा असलेली जागा खरी. तपासायची पद्धत: जनरेटर १७ मेगाहर्ट्झवर ठेवा, सिग्नल डायलच्या १७ वर लावा. मग जनरेटर तसाच ठेवून, जोर वाढवून डायल खाली आणा. आयएफ ४५५ असेल तर दुपटीचे ०.९१ वजा करून १६.०९ वर तोच सिग्नल बारीक ऐकू आला पाहिजे. तो १७.९१ वर आला तर तुम्ही इमेजवर बसलाय. काही रिसीव्हर सर्वांत वरच्या बॅण्डवर ऑसिलेटर खाली चालवतात. तिथे हे सगळं उलट, म्हणून सर्किट पाहा.

वरच्या बॅण्डवर मिक्सरचा ट्रिमर फिरवला की ऑसिलेटरही थोडा ओढला जातो. एका हाताने ट्यूनिंग मागे-पुढे डोलवत दुसऱ्या हाताने ट्रिमर फिरवा.

जनरेटरच्या आकड्याचा भरवसा नसेल तर एसएसबी (सिंगल साइडबँड) असलेला एखादा डिजिटल पोर्टेबल रेडिओ शेजारी ठेवा. जुना सेट ७.१०० वर असताना त्याचा ऑसिलेटर ७.५५५ मेगाहर्ट्झवर शिट्टीसारखा ऐकू येतो. दर पाच मिनिटांनी आकडा लिहीत गेलात तर तापताना सेट किती सरकतो तेही कळतं. १० मेगाहर्ट्झवर चीनचं बीपीएम हे वेळेचं स्टेशन लागलं तर बीएफओने झिरो बीट करून डायलची ती खूण पक्की करता येते.

बॅण्डवर लावल्यावर

४० मीटरवर, ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये, हॅम लोअर साइडबँडवर बोलतात. एजीसी बंद, ऑडिओचा नॉब भरपूर उघडा आणि आवाजाचं प्रमाण आरएफ गेनने ठेवा. जुन्या डायोड डिटेक्टरला बीएफओचा सिग्नल अपुरा पडतो. आरएफ गेन पूर्ण ठेवलात तर मोठं स्टेशन बीएफओला झाकून टाकतं आणि बोलणं बदकासारखं येतं. अलाइनमेंट बरोबर असूनही या एका नॉबपायी लोक पुन्हा कोअर फिरवायला बसतात.

दोन माडांच्या मध्ये २० मीटर तार चांगली चालते, पण एका टोकाला कप्पी आणि वजन लावा, वाऱ्यात माड वेगवेगळे डोलतात आणि ताणलेली तार तुटते. जांभ्याच्या कोरड्या जमिनीत अर्थ नीट लागत नाही. विहिरीजवळ किंवा न्हाणीघराचं पाणी जिरतं तिथे दांडा ठोका. घरातले एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर एकदा बंद करून पाहा. बरीचशी खरखर तिथलीच निघते. मे महिन्यात गडगडायला लागलं की अँटेना काढून घराबाहेर टाका.

शेवटी प्रत्येक कोअरवर मधमाशीच्या मेणाचा एक थेंब. नेलपॉलिश नको, पुढच्या माणसाला कोअर सुटायचा नाही. बदललेले भाग, तारीख, आयएफचा आकडा आणि चार-पाच व्होल्टेज एका कागदावर लिहून मागच्या झाकणाच्या आत चिकटवा, आणि जून ते सप्टेंबर सेट आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवा.